पाटी काढली तर काय जातं? अल्बर्टाच्या 164 पार्कांचं प्रकरण

आम्ही राहतो कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, कॅलगरीला. इथं कोणी पाहुणे आले की आमचा एक ठरलेला फेरा असतो. दीड तासावर ड्रमहेलर, तिथं डायनासोरचं म्युझियम, मग रेड डिअर नदीच्या कडेकडेनं डायनासोर ट्रेल आणि त्याच्या टोकाला ब्लेरिओ फेरी. फेरी म्हणजे काय तर केबलला अडकवलेला लोखंडी तराफा, 1913 पासून चालू आहे, गाडी घेऊन चढायचं, दोन-तीन मिनिटांत पलीकडे, पैसे नाहीत. नाव आंद्रे ब्लेरिओचं, म्हणजे 1909 मध्ये विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारा जो लुई ब्लेरिओ, त्याचा भाऊ, तो इथं या माळावर येऊन स्थायिक झाला होता. फेरीच्या बाजूलाच नदीकाठी कॉटनवुडच्या सावलीत एक छोटं कॅम्पग्राउंड आहे. जाड लाकडी टेबलं, त्यावर लोकांनी चाकूनं कोरलेली नावं, शेकोटीची काळी पडलेली लोखंडी रिंग, एक कोरडा संडास आणि रस्त्यालगत एक पाटी. पाटीवर जागेचं नाव आणि त्याखाली "प्रॉव्हिन्शियल रिक्रिएशन एरिया", म्हणजे प्रांत सरकारच्या पार्क यादीतली सहलीची जागा. मी ती पाटी कितीतरी वेळा बघितली असेल पण वाचली कधीच नव्हती, ती वाचायची वेळ 2020 मध्ये आली.

29 फेब्रुवारी 2020, शनिवार. दोन दिवस आधी प्रांताचं बजेट येऊन गेलेलं. त्या शनिवारी सरकारी वेबसाइटवर "ऑप्टिमायझिंग अल्बर्टा पार्क्स" या नावानं एक योजना टाकली गेली. आतला मजकूर असा की 20 जागा पूर्ण किंवा अर्धवट बंद करायच्या आणि 164 जागा प्रांताच्या पार्क यादीतून काढून दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यायच्या, म्हणजे नगरपालिका, ना-नफा संस्था, फर्स्ट नेशन्स म्हणजे इथले मूळनिवासी समाज किंवा खासगी चालक. तेव्हा एकूण जागा होत्या 473. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त पार्क एका वीकेंडला यादीबाहेर जायच्या वाटेवर, आणि त्याआधी लोकांशी कसलीही जाहीर सल्लामसलत नाही. ब्लेरिओ फेरीजवळचं ते कॅम्पग्राउंड बंद होणाऱ्यांच्या यादीत होतं. तिथून फार लांब नसलेला लिटल फिश लेक पार्कसुद्धा, आणि पूर्वेकडचा गूजबेरी लेक पार्क पण, जो 1932 चा आहे, म्हणजे अल्बर्टाच्या अगदी पहिल्या पार्कांपैकी.

इथं थोडं मागं जातो, कारण हे पार्क कुठून आले ते माहीत नसेल तर नुसता आकडा वाचून काही कळत नाही. 1930 पर्यंत प्रेअरी प्रांतांमधली सरकारी जमीन आणि खनिजं ओटावाच्या म्हणजे केंद्र सरकारच्या ताब्यात होती, त्या वर्षी ती प्रांतांकडे आली आणि त्याच वर्षी अल्बर्टानं स्वतःचा पार्क कायदा केला. 1932 मध्ये पहिले पार्क झाले ते बहुतेक तळ्याकाठचे, गल लेकवरचा ॲस्पन बीच त्यातलाच. मंदीचे दिवस, माळावर दुष्काळ आणि धूळ, आणि अशात शेतकऱ्याच्या पोरांना पोहायला, रविवारी डबा घेऊन जायला एक जागा असावी इतका साधा विचार. बॅन्फ वगैरे राष्ट्रीय उद्यानं श्रीमंत पर्यटकांसाठी, आगगाडीनं येणाऱ्यांसाठी, आणि हे पार्क गावातल्या माणसासाठी. पुढं त्यात मोठी नावं आली, 1955 मध्ये डायनासोर पार्क, 1957 मध्ये रायटिंग-ऑन-स्टोन जिथं ब्लॅकफूट या मूळनिवासी लोकांनी वाळूच्या दगडावर चित्रं कोरली आहेत, दोन्ही आता युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. सस्कॅचेवानबरोबर जोडलेला सायप्रस हिल्स. 1978 मध्ये कॅलगरीजवळच्या डोंगरातलं कननास्किस. पण संख्येनं बघितलं तर यादी भरलेली आहे ती ब्लेरिओ फेरीसारख्या चिमुकल्या जागांनी.

आणि गवताळ भागात तर या छोट्या जागांशिवाय फारसं काही उरलेलंच नाहीये. अल्बर्टाच्या जमिनीपैकी साधारण 14 टक्के भाग हा गवताळ प्रदेश, पण त्यातला पार्क किंवा राखीव म्हणून संरक्षित आहे तो जेमतेम एक टक्क्याच्या आसपास. डोंगर बघितले की कोणालाही वाटतं हे जपलं पाहिजे, माळ बघून तसं वाटत नाही, माळ बघून नांगर आठवतो. आपल्याकडे पण तेच ना, गवताळ माळ म्हटलं की सरकारी कागदात "पडीक". सोलापूर-नगरकडचं माळढोक अभयारण्य 1979 मध्ये 8,496 चौरस किलोमीटर होतं, नंतर ते 1,222 वर आलं. माळाची बाजू घ्यायला लोक उशिरा जागे होतात, दोन्हीकडे.

लिटल फिश लेकचंच घ्या. आम्ही तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा बायको म्हणाली, "इथं बघायचं काय?" खरंच, सपाट तळं, वारा, किनाऱ्यावर पांढरट खडे. पण त्या खड्यांमध्ये पायपिंग प्लोव्हर नावाचा पक्षी अंडी घालतो, आपल्या कंठेरी चिखल्याचा चुलतभाऊ म्हणा, कॅनडात तो संकटग्रस्त यादीत आहे. घरटं म्हणजे फक्त एक उथळ खळगा, अंडी अगदी खड्यांच्या रंगाची, दोन पावलांवर उभे राहिलात तरी दिसणार नाहीत आणि एखादं क्वॉड, म्हणजे रानात पळवायची छोटी चारचाकी, किंवा गुरांचा कळप त्यावरून गेला तर कोणाला कळणार पण नाही. तळ्याच्या शेजारीच हँड हिल्सचं राखीव गवताळ रान. मे महिन्यात तिथं खाली बसून बघा, प्रेअरी क्रोकसच्या देठावर मांजरीच्या कानावर असते तशी लव असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ब्लू ग्रामा गवताचा तुरा आडवा वाकलेला दिसतो, हुबेहूब पापणीसारखा. गवत वर वीतभर आणि मुळं खाली हाताच्या लांबीपेक्षा खोल. एकदा नांगर फिरला की हे गवत पुन्हा तसंच यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. अशा जागेला वर्षाला किती लोक भेट देतात या मापानं मोजलं तर ती नेहमीच नापास होणार, तो दोष जागेचा नाही, मोजपट्टीचा आहे.

आता सरकारची बाजू, कारण ती पण नीट मांडली पाहिजे. 2019 मध्ये जेसन केनी यांचं सरकार खर्च कमी करू असं सांगून निवडून आलं होतं. पर्यावरण आणि पार्क खातं जेसन निक्सन यांच्याकडे होतं. त्यांचं म्हणणं असं की या जागा लहान आहेत, कमी वापरल्या जातात, त्यातल्या बऱ्याच म्हणजे रस्त्याकडेचं पिकनिक टेबल आहे, त्यांना पार्क म्हणून सांभाळण्यात पैसा आणि माणसं अडकतात, स्थानिक संस्था हे काम जास्त चांगलं करतील आणि खात्याला मोठ्या पार्कांवर लक्ष देता येईल. यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. 164 पैकी सगळ्या जागा काही दुर्मीळ निसर्गाच्या नव्हत्या, काही खरंच पिकनिक टेबलंच होती. आणि कितीतरी कॅम्पग्राउंड आधीपासूनच कंत्राटी चालक चालवत होते, छान चालवत होते, त्याला कोणाचाच विरोध नव्हता.

पण मग आकडा बघा. बचत किती सांगितली तर वर्षाला सुमारे 50 लाख डॉलर. प्रांताचं त्या वर्षीचं बजेट 56-57 अब्ज डॉलरचं, लोकसंख्या 44 लाखांच्या आसपास. माणशी वर्षाला डॉलरभर, म्हणजे टिम हॉर्टन्सच्या एका छोट्या कॉफीलाही पुरणार नाहीत इतके पैसे. त्याच बजेटमध्ये तेलाचा भाव बॅरलला 58 अमेरिकन डॉलर धरला होता, आणि दहा-बारा दिवसांत तो भाव इतका कोसळला की हे 50 लाख कुठल्या कुठं वाहून गेले. मी हिशोबाच्या कामात आहे, मला बचत आवडते, पण ज्या बचतीसाठी तिसरा हिस्सा यादी रिकामी करायची ती निदान बचत वाटावी इतकी तरी असावी.

या प्रकरणाचा खरा गाभा मात्र पैसा नाहीच, तो आहे दर्जा. मंत्री वारंवार सांगत होते की एकही पार्क विकणार नाही, जमीन सरकारचीच राहील. विरोधक म्हणत होते पार्क विकायला काढलेत. सहा-आठ महिने वाद याच एका शब्दावर अडकून राहिला, विकणार की नाही विकणार. आणि मला वाटतं यात मूळ प्रश्न बाजूलाच पडत होता, तो असा की यादीतून नाव काढल्यावर त्या जमिनीला लागू होणारा कायदा कोणता?

आपल्या लोकांना मी हे गायरानाच्या उदाहरणानं सांगायचो आणि लगेच पटायचं. गावाची गायरान जमीन सरकारचीच असते, पण सातबाऱ्यावर "गायरान" लिहिलंय म्हणून ती राखलेली असते. ती नोंद काढा, मालक तोच, जमीन तीच, कुंपण तेच, पण आता तिथं काय करता येईल याचं उत्तर बदललं. इथं पण तसंच. पार्क कायद्याखाली असलेल्या जागेत काय करायचं नाही याचे नियम आहेत, तिथं नवीन उद्योग आणायचा तर तो कायदा आडवा येतो. नाव काढलं की ती जागा साधी सरकारी जमीन, तिला लागू होणार सरकारी जमिनीचा कायदा, ज्यात भाडेपट्टा, चराई, रस्ता, विहीर, अगदी विक्री सुद्धा बसते. म्हणजे "विकणार नाही" हे मंत्र्यांचं वाक्य पूर्ण खरं मानलं तरी ते त्या मंत्र्यांचं वचन झालं, पुढच्या मंत्र्याला ते बांधत नाही. पाटीवरची ती खालची ओळ सगळ्यांना बांधते.

आणि नेमकं त्याच सुमारास दोन गोष्टी अशा झाल्या की लोकांचा संशय वाढला. मार्चअखेरीस दक्षिणेत टेबरजवळची 160 एकर सरकारी माळजमीन, कधी न नांगरलेली, लिलावात काढली गेली. ती पार्क नव्हती, योजनेशी तिचा थेट संबंध नव्हता, पण साधी सरकारी गवताळ जमीन विकली जाऊ शकते हे लोकांनी डोळ्यांनी बघितलं. मग मे महिन्यात 1976 चं कोळसा धोरण, ज्यानं रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावर खुल्या खाणींना चाळीस वर्षं आळा घातला होता, ते 1 जूनपासून रद्द असं जाहीर झालं, तेही लोकांना न विचारता. (ते पुढं फेब्रुवारी 2021 मध्ये परत आणावं लागलं, ते वेगळं मोठं प्रकरण आहे.) तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या होत्या पण सामान्य माणसाच्या डोक्यात त्या एका माळेत ओवल्या गेल्या, आणि मला नाही वाटत त्यात त्याचं काही चुकलं.

मग कोविड. मार्चच्या शेवटी पार्कात गाडीनं जायला बंदी आली, मे महिन्यात गेट उघडली, जूनपासून कॅम्पिंग. ज्यांची भारताची तिकिटं रद्द झाली, ज्यांचं मेक्सिको राहिलं, ज्यांच्या पोरांची शाळा घरात आली, ते सगळे बाहेर पडले कुठं तर पार्कात. आमच्या ओळखीतली कितीतरी मराठी कुटुंबं, ज्यांनी दहा वर्षांत तंबू बघितला नव्हता, त्यांनी त्या उन्हाळ्यात तंबू घेतला, पोहे आणि भाजलेल्या कणसांची कॅम्पिंग झाली. एकट्या कननास्किस भागात त्या वर्षी 54 लाख भेटी नोंदल्या गेल्या. योजना लिहिताना "कमी वापर" हे कारण होतं, आणि तीन महिन्यांत त्याच पार्कांमध्ये गाडी लावायला जागा मिळेना.

विरोध उभा केला तो मुख्यतः कनेडियन पार्क्स अँड वाइल्डरनेस सोसायटीनं, तिला इथं सगळे "सीपॉज" म्हणतात, 1963 पासूनची संस्था. त्यांनी "डिफेंड अल्बर्टा पार्क्स" नावाची मोहीम काढली आणि अंगणात रोवायच्या पाट्या छापल्या. मोर्चे काढायची सोय नव्हती, कोविड होता, म्हणून पाटी. तारेचे दोन पाय असलेली, निवडणुकीत असते तशी. हजारो गेल्या. आमच्या गल्लीत आधी एक लागली, मग कोपऱ्यावरच्या शिक्षिका बाईंनी लावली, मग आम्ही. गंमत म्हणजे, गंमत नाही, महत्त्वाची गोष्ट म्हणजे आमच्या समोरचे जे आजोबा आहेत, तेलाच्या धंद्यात आयुष्य गेलेलं, दर निवडणुकीला त्यांच्या अंगणात याच सरकारी पक्षाची पाटी असते, त्यांनी पण ही लावली. मी विचारलं तर म्हणाले, "पन्नास वर्षं मी ट्रेलर घेऊन त्याच तळ्यावर जातोय, माझ्या बापाबरोबर पण जायचो." इतकंच. माझ्या मते प्रकरण फिरलं ते इथं. शहरातल्या पर्यावरणवाल्यांचा विरोध कोणत्याही सरकारला अपेक्षित असतो, त्याची तयारी असते, पण ट्रेलरवाला, शिकार-मासेमारीवाला, छोट्या गावातला माणूस, म्हणजे आपलाच मतदार जेव्हा आपल्या अंगणात पाटी रोवतो तेव्हा आमदाराला फोन जातो आणि तो फोन उचलावा लागतो.

त्यात स्कीवाले पण होते. त्याच योजनेत कननास्किसच्या क्रॉस-कंट्री स्की ट्रेल्सचं ग्रूमिंग बंद करायचं ठरलं होतं, म्हणजे बर्फावर ट्रॅक पाडणारी मशीन फिरणार नाही. ते लोक संघटित, त्यांच्याकडे क्लब, त्यांच्याकडे यादी, आणि ते चांगलेच खवळले. शेवटी हिवाळ्याआधी स्की संघटनेशी भागीदारी करून ग्रूमिंग परत आलं. मला एक गोष्ट सतत खटकते ती ही की एकट्या लिटल फिश लेकसाठी कोण रस्त्यावर आलं असतं? प्लोव्हरचा क्लब नाही. छोटी माळावरची पार्कं वाचली कारण ती एकाच यादीत मोठ्या चाहत्यांच्या जागांबरोबर बांधली गेली होती. सरकारनं हीच यादी दहा-दहाच्या तुकड्यांनी पाच वर्षांत काढली असती तर बहुतेक कोणी हललं नसतं.

22 डिसेंबर 2020 ला, नाताळच्या तोंडावर, सरकारनं जाहीर केलं की कोणत्याही जागेचा पार्क दर्जा काढला जाणार नाही, सगळ्यांची नावं यादीत राहतील, काही जागा भागीदार चालवतील आणि बाकीच्या खातं नेहमीसारखं चालवेल. मंत्र्यांचं म्हणणं होतं की विक्री कधी नव्हतीच, लोकांमध्ये गैरसमज पसरवला गेला. असो. घोषणेत "दर्जा कायम" हे दोन शब्द होते आणि आम्हाला तेवढेच हवे होते. भागीदारी राहिली, पाटी पण राहिली, म्हणजे हे दोन्ही एकत्र होऊ शकत होतं तर फेब्रुवारीत नाव काढायची गरज काय होती हा प्रश्न मला आजही पडतो आणि त्याचं उत्तर मला कोणत्याच निवेदनात सापडलेलं नाही.

पैशाचा प्रश्न अर्थात संपला नव्हता. 1 जून 2021 पासून कननास्किसला जायला पास आला, दिवसाला गाडीमागे 15 डॉलर किंवा वर्षाचा पास 90. त्यावर पण बरीच आरडाओरड झाली. मी 90 वाला काढतो आणि मला ते पटतं, गर्दीच्या जागी कचरा, संडास, पार्किंग, बचावपथक याला पैसा लागतो आणि वापरणाऱ्यानं थोडा द्यावा. पण माळावरच्या तळ्याला हा उपाय लागू पडत नाही, तिथं पास घेणारं माणूसच नाही, तिथं येतो तो पक्षी. त्या जागा सगळ्यांच्या करातूनच चालायला हव्यात, माणशी डॉलरभर.

आणि एक गोष्ट जी या सगळ्या आनंदात मागं पडली. विलमोरसारख्या एखाद्या जागेला स्वतःचा वेगळा कायदा आहे, 1959 पासून, तिला हात लावायचा तर विधानसभेत जावं लागतं. पण बहुतेक प्रॉव्हिन्शियल पार्क आणि रिक्रिएशन एरिया मंत्रिमंडळाच्या आदेशानं होतात आणि तशाच आदेशानं यादीतून जाऊ पण शकतात, विधानसभेत चर्चा नाही, मतदान नाही. 2020 मध्ये निर्णय मागे घेतला गेला, नियम बदलला नाही. सीपॉजवाले सांगतात तसं, नाव काढण्याआधी ठरावीक दिवसांची जाहीर नोटीस आणि सुनावणी सक्तीची करा, एवढी एक दुरुस्ती झाली तरी पुष्कळ. मी माझ्या आमदाराला हेच लिहिलंय, दोनदा.

तुम्ही इकडे असाल आणि या उन्हाळ्यात कुठल्या माळावरच्या तळ्याकाठी, नदीकाठी डबा उघडून बसलात, तर तिथल्या पाटीवरची खालची ओळ वाचा. प्रॉव्हिन्शियल पार्क, रिक्रिएशन एरिया, नॅचरल एरिया, हेरिटेज रेंजलँड, इकॉलॉजिकल रिझर्व्ह, प्रत्येकाचे नियम वेगळे, कुठं गुरं चरू शकतात, कुठं गाडी नेता येते, कुठं नुसतं पायी. लिहून घ्या कोणती आहे ते. पुन्हा कधी यादी निघाली तर पहिल्या दिवशी शोधायला तेच लागतं, आम्हाला 2020 मध्ये आमची जागा यादीत आहे का हे शोधण्यातच पहिला आठवडा गेला होता.